लहान शाळांचे भवितव्य आणि एक किलोमीटरचा नियम

छत्तीसगड सरकारने २०२५ च्या शैक्षणिक वर्षाच्या तोंडावर राज्यातील १० हजार ४६३ शाळांचे 'युक्तियुक्तकरण' करण्याचा निर्णय जाहीर केला आणि कमी पटाच्या ग्रामीण शाळांचा प्रश्न पुन्हा एकदा ऐरणीवर आला. महाराष्ट्रात हाच प्रश्न २०१७, २०२२ आणि २०२३ मध्ये निरनिराळ्या नावांनी चर्चेत आला होता. उत्तर प्रदेशात तो २०२५ मध्ये उच्च न्यायालयापर्यंत गेला. या सर्व ठिकाणी सरकारांनी आपल्या निर्णयाच्या समर्थनार्थ प्रामुख्याने दोन आकडे पुढे केले: शाळेचा पट आणि शेजारच्या शाळेपर्यंतचे अंतर. त्यांपैकी पटाची चर्चा पुष्कळ होते. अंतराची मात्र फारशी होत नाही. वास्तविक, मुलांच्या दृष्टीने तोच आकडा निर्णायक आहे.

पाचशे मीटर आणि एक किलोमीटर

छत्तीसगडच्या निर्णयात शहरांसाठी एक माप होते आणि खेड्यांसाठी दुसरे. शहरी भागात ज्या शाळेचा पट ३० पेक्षा कमी आहे आणि जिच्यापासून ५०० मीटरच्या आत दुसरी सरकारी शाळा आहे, तिचे शेजारच्या शाळेत समायोजन करायचे असे ठरले. ग्रामीण भागात हीच मर्यादा १० पेक्षा कमी पट आणि एक किलोमीटरपेक्षा कमी अंतर अशी ठेवण्यात आली.

या दोन मापांचा अर्थ समजून घेण्यासाठी भिलाईतील पावर हाउसचे उदाहरण घेता येईल. मुंबई-हावडा लोहमार्गावर दुर्ग आणि रायपूर यांच्या दरम्यान भिलाई पावर हाउस नावाचे स्थानक आहे आणि त्याच्याभोवतीचा गजबजलेला भागही याच नावाने ओळखला जातो. रुळांच्या एका अंगाला पोलाद कारखान्याच्या वसाहतीतील सेक्टर, तर दुसऱ्या अंगाला बाजारपेठ आणि कॅम्पची दाट वस्ती. १९५६ पर्यंत या भागाचा कारभार नागपूरहून चालत असे, त्यामुळे दुर्ग आणि भिलाईला मराठी कुटुंबे नवी नाहीत. अशा ठिकाणी ५०० मीटर म्हणजे बाजारातून चालत जाण्याची काही मिनिटांची वाट. तीसुद्धा लहान मुलासाठी निर्धोक असतेच असे नाही, कारण मधे लोहमार्ग किंवा जीई रोडसारखा रहदारीचा रस्ता आला की पाचशे मीटरांचा अर्थ बदलतो. तथापि शहरात दिवे आहेत, माणसांची वर्दळ आहे आणि बहुधा एकापेक्षा अधिक वाटा आहेत.

याच दुर्ग जिल्ह्यातील पाटण किंवा धमधा विकासखंडात गेले की चित्र पालटते. तेथे एक किलोमीटर म्हणजे धानाच्या शेतांतून, बांधावरून जाणारी वाट असू शकते. पावसाळ्यात मधला 'नरवा', म्हणजे ओढा, भरून वाहू लागला की नकाशावरील किलोमीटर तसाच राहतो, पण शाळा मात्र दूर जाते. सहा वर्षांच्या मुलाला ती वाट एकट्याने चालता येईल काय, हा प्रश्न तक्त्यातील कोणत्याही रकान्यात बसत नाही.

दहा हजार की एकशे सहासष्ट?

१० हजार ४६३ हा आकडा प्रसिद्ध होताच एवढ्या शाळा बंद होणार असा समज पसरला. राज्य सरकारने तो लगेच खोडून काढला. सरकारने दिलेल्या तपशिलानुसार यांपैकी १० हजार २९७ शाळा एकाच आवारात भरणाऱ्या होत्या. एका कुंपणाच्या आत प्राथमिक शाळा, तिच्या शेजारी पूर्व माध्यमिक शाळा आणि कोठे कोठे हायस्कूलही, अशी छत्तीसगडमध्ये सर्रास व्यवस्था आहे. प्रत्येक शाळेचा कारभार, मुख्याध्यापक आणि नोंदवही मात्र स्वतंत्र. या शाळांना एका प्रशासनाखाली आणले जाणार होते. कमी पट आणि जवळचे अंतर या कारणांनी प्रत्यक्ष दुसऱ्या शाळेत सामावल्या जाणाऱ्या शाळा १६६ होत्या, त्यांपैकी १३३ ग्रामीण भागातील आणि ३३ शहरी.

हे स्पष्टीकरण महत्त्वाचे होते आणि ते दुर्लक्षून चालणार नाही. दहा हजार शाळांना टाळे लागणार ही कल्पना वस्तुस्थितीला धरून नव्हती. परंतु १६६ हा आकडा लहान आहे म्हणून प्रश्नही लहान ठरतो, असेही नाही. ज्या १३३ गावांत किंवा पाड्यांत शाळा भरत होती, त्यांच्या दृष्टीने राज्याची टक्केवारी निरर्थक आहे. शिवाय एकाच आवारातील शाळा एकत्र केल्याने प्राथमिक शाळांच्या मुख्याध्यापकांची पदे कमी होतील, असा शिक्षक संघटनांचा आक्षेप होता. पहिलीच्या मुलांचा वर्ग आणि बारावीचा वर्ग एका प्राचार्यांच्या देखरेखीखाली आला, तर लहान मुलांकडे कोण लक्ष देणार, असा त्यांचा सवाल होता.

'युक्तियुक्तकरण' हा शब्द मराठी वाचकांना अवघड वाटेल. हिंदी प्रशासनात तो रूढ आहे आणि तर्कसंगत फेररचना असा त्याचा अर्थ होतो. महाराष्ट्रात 'समायोजन' आणि 'समूह शाळा' हे शब्द वापरले गेले, उत्तर प्रदेशात 'पेअरिंग', अन्यत्र 'विलीनीकरण'. भाषांतर करणाऱ्यास या शब्दांत एक साम्य चटकन जाणवते: कोणत्याही शब्दात 'बंद' हा अर्थ नाही. सरकारी परिभाषेत शाळा बंद होत नाही, ती दुसऱ्या शाळेत मिळते. जिल्हा माहिती प्रणालीतील तिचा सांकेतिक क्रमांक मात्र नाहीसा होतो आणि गावातील इमारतीची घंटा वाजेनाशी होते.

दोन शिक्षकांचा हिशेब

सरकारची बाजूही समजून घ्यावयास हवी. २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या कायद्यानुसार प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत किमान दोन शिक्षक असणे आवश्यक आहे. म्हणजे आठ मुलांच्या शाळेलाही दोन आणि साठ मुलांच्या शाळेलाही दोनच. शिक्षकांची संख्या मर्यादित असली की लहान शाळांमध्ये शिक्षक गुंतून राहतात आणि मोठ्या शाळांमध्ये टंचाई भासते, असा शिक्षण विभागाचा युक्तिवाद असतो.

छत्तीसगडने या निर्णयाच्या वेळी दिलेली आकडेवारी या दृष्टीने बोलकी होती. राज्यातील ३० हजार ७०० प्राथमिक शाळांत सरासरी २१.८४ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक होता. कायद्याला ३० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक अपेक्षित असल्याने हे प्रमाण चांगलेच म्हणावे लागेल. तरीही २१२ प्राथमिक शाळांत एकही शिक्षक नव्हता आणि ६ हजार ८७२ शाळा एकाच शिक्षकावर चालत होत्या. थोडक्यात, शिक्षक होते, पण ते जेथे हवेत तेथे नव्हते. फेररचनेनंतर, जून २०२५ मध्ये, शिक्षक नाही अशी एकही शाळा राज्यात उरली नसून एकशिक्षकी प्राथमिक शाळांची संख्या सुमारे बाराशेवर आल्याचे सरकारने सांगितले.

एक शिक्षक पाच इयत्ता सांभाळतो तेव्हा काय होते, हे ज्यांनी अशी शाळा पाहिली आहे त्यांना सांगावे लागणार नाही. पहिलीला पाटीवर अक्षरे गिरवायला द्यायची, चौथीला गणित घालायचे, मधल्या सुट्टीत पोषण आहाराची नोंद करायची आणि प्रशिक्षणाचे बोलावणे आले की त्या दिवशी शाळेलाच सुट्टी. देशभरात २०२४-२५ मध्ये अशा एकशिक्षकी शाळा १ लाख ४ हजार १२५ होत्या आणि त्यांत सुमारे ३३ लाख ७६ हजार मुले शिकत होती. त्याच वर्षी ७ हजार ९९३ शाळांत एकही विद्यार्थी नव्हता, पण त्यांमध्ये २० हजारांहून अधिक शिक्षकांची नेमणूक होती. ही विसंगती कोणत्याही सरकारला फार काळ दृष्टिआड करता येणार नाही.

मात्र संघटनांचा आक्षेप शिक्षकांच्या बदल्यांपुरता नव्हता. छत्तीसगडमध्ये २००८ च्या रचनेनुसार प्राथमिक शाळेसाठी एक मुख्याध्यापक आणि दोन सहायक शिक्षक अशी पदे होती. नव्या निकषांत हे प्रमाण एक अधिक एक असे झाले. मुख्याध्यापक कार्यालयीन कामात अडकला की पाच वर्गांना पुन्हा एकच शिक्षक उरतो, असे सांगत संघटनांनी २००८ ची रचना कायम ठेवण्याची मागणी केली.

शाळा उघडणारे माप

एक किलोमीटरच्या मापाचा इतिहास मोठा रंजक आहे. छत्तीसगड १ नोव्हेंबर २००० रोजी स्वतंत्र राज्य झाले. त्यापूर्वी ते मध्य प्रदेशात होते. मध्य प्रदेश सरकारने १ जानेवारी १९९७ पासून शिक्षण हमी योजना सुरू केली. ज्या वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत शाळा नाही आणि जेथे शिकण्याच्या वयाची ४० मुले आहेत, त्या वस्तीने मागणी केल्यास सरकारने ९० दिवसांत शिक्षक द्यावा, असे या योजनेचे सूत्र होते. आदिवासी भागात ४० ऐवजी २५ मुले पुरेशी मानली गेली. शिक्षक शक्यतो गावातलाच, त्याला 'गुरुजी' म्हणत. शाळा झाडाखाली, ओसरीवर किंवा कोणाच्या तरी परसात भरे. अवघ्या काही वर्षांत अशा हजारो शाळा उभ्या राहिल्या. गुरुजींचे अल्प मानधन आणि अपुरे प्रशिक्षण यांवर टीका झाली, ती रास्तही होती. परंतु शाळा मागण्याचा अधिकार वस्तीच्या हाती आला, ही गोष्ट त्यापूर्वी घडलेली नव्हती.

महाराष्ट्रातील वस्तीशाळा याच काळातल्या. धनगरवाडे, आदिवासी पाडे, शेतातील वस्त्या अशा ठिकाणी जिल्हा परिषदेची शाळा लांब पडत असल्याने निमशिक्षक नेमून त्या चालविल्या गेल्या आणि पुढे त्यांचे नियमित प्राथमिक शाळांत रूपांतर करण्यात आले. आज कमी पटाच्या म्हणून ज्या शाळांकडे बोट दाखविले जाते, त्यांमध्ये अशा शाळाही आहेत. त्यांचा पट लहान आहे, कारण त्या लहान वस्तीसाठीच काढल्या गेल्या होत्या.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याखालील केंद्राच्या नमुना नियमांत पहिली ते पाचवीसाठी वस्तीपासून चालत एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी, असे म्हटले आहे. 'चालत' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. त्याच नियमांत पुढे असेही नमूद आहे की दुर्गम प्रदेश, दरडी, पूर, रस्त्यांचा अभाव किंवा वाटेत लहान मुलांना धोका असल्यास ही मर्यादा आणखी कमी करून शाळेची जागा ठरवावी. ज्या छोट्या वस्तीजवळ शाळा नाही, तेथील मुलांसाठी मोफत वाहन किंवा निवासाची सोय करावी, असेही त्यात सांगितले आहे. म्हणजे एक किलोमीटर ही कमाल मर्यादा आहे, आणि तीही परिस्थितीनुसार आखडती घ्यावयाची.

शाळा उघडण्यासाठी आखलेले हेच माप आता शाळा मिटविण्यासाठी वापरले जात आहे. 'एक किलोमीटरच्या आत शाळा नाही म्हणून येथे शाळा द्या' हे वाक्य उलटून 'एक किलोमीटरच्या आत दुसरी शाळा आहे म्हणून ही नको' असे झाले. तर्काच्या दृष्टीने दोन्ही वाक्ये एकाच नियमातून निघतात. पण पहिले वाक्य वस्तीने उच्चारले होते आणि दुसरे कार्यालयाने. कायद्यात शाळा स्थापन करण्याची सरकारची जबाबदारी स्पष्ट शब्दांत आहे. चालू सरकारी शाळा बंद करण्याची स्वतंत्र पद्धत मात्र त्यात दिलेली नाही. पालकांचे बहुमत असलेली शाळा व्यवस्थापन समिती कायद्यानेच अस्तित्वात आली, परंतु विलीनीकरणापूर्वी तिची संमती घ्यावी अशी अट त्यात नाही.

महाराष्ट्रात काय झाले

महाराष्ट्रात डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १ हजार ३१४ शाळांचे समायोजन करण्याचा निर्णय झाला. त्यावर बरेच वादळ उठले. २०२२ मध्ये २० पर्यंत पट असलेल्या शाळांची माहिती मागविण्यात आली तेव्हा हा प्रश्न पुन्हा पेटला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यात दरेवाडी या धरणग्रस्तांच्या वस्तीतील शाळा बंद झाल्यावर मुले शेळ्या घेऊन नाशिकच्या जिल्हा परिषदेवर गेली. शाळा नसेल तर दप्तर परत घ्या आणि वळायला शेळ्या द्या, अशी त्यांची मागणी होती. या आंदोलनाची राज्यभर दखल घेतली गेली आणि प्रशासनाला शाळा पुन्हा सुरू करण्याची भूमिका घ्यावी लागली. प्रत्येक वस्तीला मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी मोर्चा नेणे शक्य होत नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तांच्या पत्राने 'समूह शाळा' ही कल्पना पुढे आणली. त्या वेळी राज्यात २० पेक्षा कमी पटाच्या १४ हजार ७८३ शाळा होत्या, त्यांत १ लाख ८५ हजार ४६७ विद्यार्थी आणि २९ हजार ७०७ शिक्षक होते. आकडे पाहिले की एका शिक्षकामागे सहाच विद्यार्थी पडतात. नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातील पानशेत येथील एकत्रित शाळांचा दाखला देऊन अशाच शाळांचे प्रस्ताव मागविण्यात आले. मोठ्या शाळेत वाचनालय, प्रयोगशाळा, क्रीडांगण देता येते आणि मुलांना बरोबरीचे सवंगडी मिळतात, ही त्यामागील भूमिका चुकीची नाही. चार मुलांच्या वर्गात खो-खो खेळता येत नाही. मात्र समूह शाळेचे यश इमारतीपेक्षा वाहनावर अवलंबून असते. गाडी रोज वेळेवर येणार काय, चालकाचे पैसे थकले तर काय, आजारी मुलाला दुपारी घरी कसे पाठवायचे, हे प्रश्न प्रस्तावात दोन ओळींत आटोपतात आणि वर्षभर पालकांना पुरतात.

याच्या दुसऱ्या टोकाचे उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. वाशीम जिल्ह्यातील एका गावात एकाच विद्यार्थ्यासाठी जिल्हा परिषदेची शाळा भरते, ही बातमी २०२३ मध्ये देशभर गाजली. कोणी त्याला कर्तव्यनिष्ठा म्हटले, कोणी उधळपट्टी.

पट का घटतो

पट घटण्याची कारणे एकसारखी नाहीत. जन्मदर कमी झाला आहे. इंग्रजी माध्यमाची ओढ आहे, आणि तिला सरकारी धोरणानेही हातभार लावला. छत्तीसगडमध्ये २०२० पासून सुरू झालेल्या स्वामी आत्मानंद इंग्रजी माध्यमाच्या सरकारी शाळांत प्रवेशासाठी चढाओढ लागली, तर शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के राखीव जागांमुळे गरीब घरांतील मुले खासगी शाळांत जाऊ लागली. खुद्द भिलाईत पोलाद कारखान्याने कामगारांच्या मुलांसाठी सेक्टरोसेक्टरी शाळा काढल्या होत्या. कामगारसंख्या ओसरली तशा त्यांतील अनेक मिटत गेल्या. शहरात त्यामुळे कोणाचे शिक्षण थांबले नाही, कारण दुसरी शाळा हाकेच्या अंतरावर होती.

खेड्यात स्थलांतर हे आणखी एक कारण. छत्तीसगडमधून धानाची कापणी आटोपल्यावर मजूर कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, महाराष्ट्रातून ऊसतोडीला. मुले कधी बरोबर जातात, कधी आजीआजोबांपाशी राहतात. पट ज्या दिवशी मोजला जातो त्या दिवशी कोण हजर आहे, यावर शाळेचे भवितव्य ठरू शकते.

न्यायालयांची भूमिका

उत्तर प्रदेश सरकारने १६ जून २०२५ रोजी कमी पटाच्या शाळा जवळच्या शाळांशी जोडण्याचा आदेश काढला. सीतापूर जिल्ह्यातील मुलांच्या वतीने त्याला आव्हान देण्यात आले. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने ७ जुलै रोजी याचिका फेटाळल्या. २४ जुलै रोजी द्विसदस्यीय पीठाने सीतापूरपुरती परिस्थिती जैसे थे ठेवण्याचा आदेश दिला. त्यानंतर महिनाअखेरीस राज्याच्या शिक्षणमंत्र्यांनी एक किलोमीटरपेक्षा अधिक अंतरावरील शाळा आणि ५० पेक्षा अधिक पटाच्या शाळा जोडल्या जाणार नाहीत, असे जाहीर केले. २०२५ च्याच नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात, एक आणि तीन किलोमीटरच्या आत शाळा नसलेल्या भागांत ती उपलब्ध करून देण्यासाठी राज्याला पावले उचलण्यास सांगितले.

मध्य प्रदेशात 'एक परिसर, एक शाळा' या धोरणाखाली सुमारे ३५ हजार शाळा एकत्र करून त्यांच्या सुमारे १६ हजार शाळा करण्यात आल्या होत्या. राजस्थानने २०१४ मध्ये हजारो शाळा एकत्र केल्या आणि विरोधानंतर त्यांपैकी काही पुन्हा वेगळ्या केल्या.

शाळा पुन्हा उघडताना

बंद झालेली शाळा पुन्हा उघडणे किती कठीण असते, याचा अनुभव छत्तीसगडच्या दक्षिण भागाने घेतला आहे. २००५ नंतर सलवा जुडूम आणि माओवादी यांच्यातील संघर्षात बस्तरमधील अनेक शाळा बंद पडल्या. इमारती उद्ध्वस्त झाल्या, गावे रिकामी झाली. तेथील कारण सर्वस्वी निराळे होते, त्यामुळे त्याची तुलना युक्तियुक्तकरणाशी करणे योग्य होणार नाही. परंतु परिणामांच्या बाबतीत एक गोष्ट सारखी आहे. गावातील शाळा गेली तेव्हा मुलांना रस्त्यालगतच्या 'पोटा केबिन' या बांबूच्या निवासी शाळांत पाठविले गेले. आईवडिलांपासून दूर राहून सात-आठ वर्षांची मुले तेथे शिकली. कालांतराने काही गावांत शाळा पुन्हा सुरू झाल्या, त्या झोपडीत किंवा पत्र्याच्या छपराखाली, आणि बहुतेक ठिकाणी शिकविण्यासाठी प्रथम पुढे आले ते गावातीलच तरुण. मानधनावर काम करणाऱ्या या तरुणांना तेथे 'शिक्षादूत' म्हणतात.